ठोका

उद्यमबागेत माझी बावीस वर्षं गेली
काळ्या वाळूत हात घालून.
व्हॉल्व्ह ओतायचो आम्ही, पंपाचे.
कुठल्या गावचं पाणी ते सोडायचे, कुठलं अडवायचे,
आम्हाला काय ठाऊक.
वाळू चाळायची, साचा ठोकून घट्ट करायचा,
कोअरला काकवीचा वास,
आणि चारच्या सुमाराला भट्टीचं तोंड फोडलं
की कोण कुणाशी बोलत नसे.

इराप्पा बागेवाडीचा. घरी कानडी, आमच्याशी मराठी,
लोखंडाशी काहीच नाही.
माल थंड झाला की हातोडीनं एकेका नगावर ठोका मारी
आणि मान तिरकी करून ऐके.
टण्ण – पुढं ढकल.
ठप्प – आत पोकळी.
बाहेरून दोन्ही सारखेच, काळे, खरबरीत.
एकदा विचारलं, आधी कसं कळत नाही हो?
म्हणाला, ओतताना हात हलू द्यायचा नाही. तेवढं आपलं.
पुढचं, इरली बिडो.
राहू दे, सोड.
मला वाटलं, आळशी माणसाचं बोलणं.

एका मार्चमध्ये गेटला कागद लागला,
वर कानडी, खाली इंग्रजी.
दोन्ही मी दुसऱ्याकडून वाचून घेतलं
आणि दोन्हींत तेच निघालं.

मग कडोलीला, मेव्हण्याच्या रानात, रताळी काढायला.
वेल पसरलेला, हिरवागार, खाली बोटाएवढी मुळं.
शेजारी करपलेला वेल, त्याखाली पाटीभर.
मी वाकून वाकून पानं बघायचो.
भरमा हसायचा, वरनं काय बघूलालास?
कुदळ घाल की.

दीड वर्षानं दुसऱ्या फौंड्रीत लागलो. पगार बरा.
पोरीला सायकल घेतली, घरात फ्रीज आला.
टेम्पोतून फ्रीज उतरवत होतो
तेव्हाच शेवंता जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली,
म्हणाली, थांबा जरा,
आणि तिचे ओठ जांभळे.

डॉक्टर म्हणाले, व्हॉल्व्ह.
मी हसलो.
त्यांना वाटलं असेल, धक्क्यानं.

त्या रात्री बाकावर आम्ही चौघं.
गोकाकची म्हातारी गळ्यातलं लिंग मुठीत धरून,
एक पोरगा तसबी ओढत,
एक बाई नुसतीच भिंतीकडं बघत.
मी मंगाईला कोंबडं बोललो,
मग एक कमी वाटलं म्हणून दोन,
मग लाज वाटली. भाव करतोय काय मी?
पहाटे कधीतरी हात बघितले.
थरथरत होते.
गुडघ्यांवर ठेवले, दाबून धरले,
भट्टीपुढं धरायचो तसे.
तेवढं आपलं होतं.
तेवढ्यात देव कुठं आला, मला सांगता येणार नाही.
पण बाकावर जागा थोडी कमी झाली,
कुणी येऊन बसल्यासारखी.

आता शेवंताच्या छातीत धातूचा व्हॉल्व्ह आहे.
ओतीव की कातीव, माहीत नाही.
कुठल्या गावच्या माणसानं हात न हलवता केला असेल,
त्याला शेवंता कधी कळायची नाही.
रोज संध्याकाळी रक्त पातळ राहायची गोळी,
महिन्याला तपासणी.
आकडा कधी वर जातो, कधी खाली येतो.
आधी प्रत्येक कागदानं माझं पोट ढवळायचं.
डॉक्टर म्हणाले, हलणारच तो.
दोन रेघांच्या मध्ये असला म्हणजे झालं.

परवा इराप्पा आला, कुंदा घेऊन.
चहा झाला, लाइट गेली,
गल्ली एकदम गप्प झाली.
तेव्हा ऐकू आलं त्याला.
टिक. टिक. टिक.
त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. ते बंद पडलेलं.
मग शेवंताकडं.
ती लाजली, पदर सारखा केला.

म्हाताऱ्यानं मान तिरकी केली.
बराच वेळ काही बोलला नाही.
मी पण विचारलं नाही.